घरच्या रीफ टँकचं माप कसं ठरवावं

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधल्या पहिल्या रीफ टँकसाठी, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी, आमची शिफारस एकच आहे. लांबी तीन फूट, पुढून मागे रुंदी दोन फूट आणि उंची दीड फूट, म्हणजे ९० × ६० × ४५ सेंमी. हिशोबाने हे २४३ लिटर होतात. काचेची जाडी, वरची मोकळी जागा, दगड आणि वाळू वजा केली की प्रत्यक्ष खारं पाणी १९० लिटरच्या आसपास राहतं. हेच माप का, आणि तुमच्या घरात ते बसत नसेल तर कुठे कापायचं आणि कुठे नाही, ते पुढे पाहू.

माप ठरवताना बहुतेकांचं लक्ष लिटरवर असतं. लिटर हे शेवटी निघणारं उत्तर आहे. त्याआधी तुम्ही या टँकला रोज किती गारवा, किती आरओ पाणी आणि किती वीज देऊ शकता हे ठरवावं लागतं. काच हा एकूण खर्चातला किरकोळ भाग असतो. चिलर (पाणी गार करणारं यंत्र), लाइट, पंप आणि दर आठवड्याचं मीठ हे खरे खर्च, आणि टँकच्या मापाबरोबर ते सगळे वाढतात.

छोटा टँक सोपा नसतो

"आधी छोटा घेऊन शिकू" हा विचार गोड्या पाण्यातही फारसा चालत नाही, खाऱ्या पाण्यात तर तो उलटाच पडतो. समुद्राच्या पाण्याची क्षारता ३५ असते, म्हणजे एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा मीठ मागेच राहतं. ४० लिटरच्या टँकमधून एक लिटर उडालं की क्षारता ३५ वरून जवळपास ३६ वर जाते. २०० लिटरमधून तेच एक लिटर उडालं तर ती ३५.२ पर्यंतही पोचत नाही. दोन दिवस गावाला गेलात तर हा फरक प्रवाळाला भोवतो.

उष्णतेचंही तसंच. २० वॉटचा पंप आपली जवळजवळ सगळी ऊर्जा शेवटी पाण्यात उष्णता म्हणून सोडतो. ही उष्णता बाहेर पडू शकली नाही, तर ४० लिटर पाणी तासाला सुमारे ०.४ अंशाने तापतं, २०० लिटर पाणी ०.१ अंशाहूनही कमी. एखादी गोगलगाय दगडामागे मेली तर छोट्या टँकमध्ये अमोनिया एका रात्रीत धोक्याच्या पातळीवर जातो. मोठ्या पाण्यात तुम्हाला सावरायला वेळ मिळतो.

म्हणून पहिल्या टँकसाठी ९०-१०० लिटर प्रत्यक्ष पाण्याच्या खाली जाऊ नये. जागा खरोखरच नसेल तर ६० × ४५ × ४५ सेंमी, म्हणजे १२१ लिटर, ही आमच्या मते खालची हद्द. मागे फिल्टरचे कप्पे असलेला तयार टँक घेत असाल तर खोक्यावरच्या लिटरमध्ये ते कप्पेही मोजलेले असतात, आणि दगड-माशांसाठी उरलेली जागा त्याहून बरीच कमी असते.

आधी जीव ठरवा, त्यातही कायदा आधी

भारतात टँकचं माप ठरवताना एक गोष्ट परदेशी मार्गदर्शनापेक्षा वेगळी आहे. रीफ बांधणारी सर्व कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि सर्व सी फॅन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. दुकानात 'इंपोर्टेड फ्रॅग' (तोडून लावलेला प्रवाळाचा तुकडा) म्हणून अ‍ॅक्रोपोरा किंवा हॅमर कोरल हे कठीण प्रवाळ दाखवलं तरी ते घेऊ नका. समुद्रातून उचललेले दगडही नकोत. मालवणच्या किनाऱ्यावर जिवंत प्रवाळ आहे आणि तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. अशा ठिकाणचा 'लाइव्ह रॉक' (जिवाणू बसलेला समुद्री दगड) हा प्रत्यक्षात प्रवाळाचाच तुकडा असू शकतो. कृत्रिम किंवा खाणीतला कोरडा दगड घ्यावा. अमोनिया पचवणारे जिवाणू त्यावर चार ते सहा आठवड्यांत बसतात.

मग टँकमध्ये काय ठेवायचं? मश्रूम कोरल, झोअँथिड, लेदर कोरल, झेनिया असे मऊ जीव. तेही कुठून आले याचं बिल मागून घ्यावं. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावा आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू नये, कारण काही जातींत अतिशय तीव्र विष असतं. दुबई, लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांना तिथल्या नियमांनुसार शेतीत वाढवलेली कठीण प्रवाळं मिळतात. त्यांना कॅल्शियम आणि क्षारीयता (अल्कलिनिटी) रोज पुरवावी लागते, म्हणून त्यांनी ३०० लिटरच्या वरचा विचार करावा. मऊ प्रवाळं ही द्रव्यं कमी वापरतात. आठवड्याला १० टक्के पाणी बदललं की बहुतेक टँकमध्ये तेवढं पुरतं, त्यामुळे इथे अवाढव्य टँकची गरज पडत नाही.

माशांना लिटरपेक्षा लांबी हवी असते. क्लाउनफिशची जोडी दोन फुटांतही सुखाने राहते. तीन फुटांत तिच्याबरोबर बांगाई कार्डिनलची जोडी, एखादी गोबी आणि क्लीनर श्रिंप मावतात, म्हणजे एकूण पाच-सहा लहान जीव. यलो टँग दिवसभर पोहत चरणारा मासा आहे, त्याला चार फूट तरी हवेत. दुकानात 'डोरी' म्हणून मिळणारा ब्लू टँग नाण्याएवढा दिसतो, पण वाढून ३० सेंमीपर्यंत जातो. सहा फुटांचा टँक नसेल तर तो आणूच नये. 'मोठा झाला की परत देऊ' असं म्हणून आणलेला मासा सहसा परत जात नाही, तो अरुंद काचेत आजारी पडतो. मँडरिन मासा लहान असला तरी तो कोपेपॉड (दगडांवरचे सूक्ष्म कवचधारी जीव) खाऊन जगतो. भरपूर दगड असलेला, वर्षभर जुना, २५० लिटरच्या वरचा टँक नसेल तर तो हळूहळू उपाशी मरतो.

लांबी, रुंदी, उंची

कापायचं असेल तर उंची कापा. रुंदी शेवटपर्यंत राखा.

आपल्याकडे तयार मिळणारे तीन फुटी टँक बहुधा फूट-सव्वा फूट रुंद असतात. ते गोल्डफिशला चालतात. रीफमध्ये मात्र एवढ्या रुंदीत दगड भिंतीसारखा मागे रचावा लागतो, त्यामागे पाणी फिरत नाही, कचरा साचतो आणि तो कुजून पाण्यातलं नायट्रेट चढत जातं. दीड फूट रुंदी किमान, दोन फूट उत्तम. मग दगडाचे दोन वेगळे ढीग करून मध्ये वाट ठेवता येते, आणि काच पुसायचा मॅग्नेट फिरायला चारी बाजूंनी पाच सेंमी मोकळे राहतात.

उंच टँक दिवाणखान्यात देखणा दिसतो, पण त्याचे तीन तोटे आहेत. खोल पाण्यात प्रकाश पोचवायला जास्त ताकदीचा लाइट लागतो. उंचीबरोबर दाब वाढतो, त्यामुळे काच जाड लागते. आणि ६० सेंमीच्या वर बहुतेकांचा हात तळाला पोचत नाही. पडलेलं प्रवाळ चिमट्याने उचलायला लागलं की देखभाल टाळली जाते. ४५ ते ५० सेंमी पुरेत.

वजन आणि जागा

आमच्या शिफारशीच्या टँकचं वजन असं होतं: १० मिमी काच ४७ किलो, पाणी १९५, दगड आणि वाळू मिळून ४५, खालचा सम्प (टँकखालची फिल्टरची टाकी) पाण्यासह ७५, स्टँड ४०. एकूण ४०० किलोच्या घरात. चार फूट × दोन × दोन केलात तर हाच आकडा ७०० किलोवर जातो. फक्त एक फूट लांबी आणि अर्धा फूट उंची वाढली आहे, हे लक्षात घ्या.

भारतीय मानकांनुसार राहत्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून काढतात. हा संपूर्ण खोलीवर पसरलेला भार आहे. आरसीसी इमारतीत ४०० किलोचा टँक कॉलमजवळ, बीमला लागून असलेल्या भिंतीशी ठेवला तर सहसा अडचण येत नाही. खोलीच्या मधोमध ठेवू नका. बाहेर काढलेल्या बाल्कनीत तर अजिबात नको. जुनी चाळ, लाकडी तक्तपोशी, लोड-बेअरिंग वाडा किंवा ५०० किलोच्या वरचा टँक असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला प्रत्यक्ष जागा दाखवा.

जमिनीवर मास्किंग टेपने टँकचा चौकोन आखा. मागे १५ सेंमी पाइपसाठी सोडा. पुढे बादली ठेवून माणूस बसेल एवढी जागा उरते का पाहा. स्विचबोर्ड टँकच्या थेट मागे किंवा वर नसावा, आणि त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असावा. दुपारचं ऊन येणारी खिडकी टाळा. शेवटी लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळण मोजा. चार फुटी टँक लिफ्टमध्ये न मावल्याने परत जाणं ही नेहमीची गोष्ट आहे.

गारवा: इथेच बहुतेक टँक हरतात

रीफला २४ ते २६ अंश हवेत. २८ च्या वर प्रवाळ ताणाखाली येतं, ३० च्या पुढे काही दिवस राहिलं तर पांढरं पडू लागतं. मुंबईत मे महिन्यात बंद खोली सहज ३२-३३ अंशांवर असते, आणि पंप-लाइट त्यात भर घालतात.

पाण्यावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी गार होतं. कोरड्या हवेत, म्हणजे पुणे-नाशिककडे मार्च-एप्रिलमध्ये, याने दोन ते चार अंश उतरतात. कोकणात आणि मुंबईत दमट हवेत हा उपाय तोकडा पडतो, कारण पाणी फारसं उडत नाही. तिथे चिलर लागतोच. चिलर निवडताना खोक्यावरचे लिटर बघू नका. खोलीचं कमाल तापमान आणि हवं असलेलं तापमान यांतला फरक दुकानदाराला सांगा आणि एक पायरी वरचा घ्या. आमच्या मापाच्या टँकला, सम्पसह, मुंबईत साधारण १/४ एचपीचा चिलर लागतो. तो बंद कपाटात ठेवला तर स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो आणि कधी थांबत नाही. चिलरचा खर्च झेपत नसेल तर टँक थांबवा. छोटा टँक घेऊन हा खर्च टळत नाही.

विजेचा अंदाज: १०० वॉटचा लाइट ९ तास, सगळे पंप मिळून ८० वॉट २४ तास, २८० वॉटचा चिलर उन्हाळ्यात दिवसाला ९ तास. म्हणजे दिवसाला सव्वापाच, महिन्याला १६० युनिटच्या आसपास. घरच्या वापराच्या वर हे आले की बिलाचा स्लॅबही वर सरकतो, ते गृहीत धरा. वीज जाते तेव्हा पहिला धोका ऑक्सिजनचा असतो, तापमानाचा नंतर. घरच्या १५० अँपिअर-अवर बॅटरीच्या इन्व्हर्टरवर ४० वॉटचे पंप वीस तास निभावतात. चिलर मात्र त्यावर जोडू नका.

पाणी

२४० लिटरच्या एकूण व्यवस्थेत (टँक आणि सम्प मिळून) महिन्याला सुमारे ९० लिटर पाणी उडतं आणि १०० लिटर बदलावं लागतं. म्हणजे १९० लिटर शुद्ध पाणी. आरओ एक लिटर देताना साधारण तीन लिटर वाया घालवतो, तर सहाशे लिटरच्या जवळपास पाणी बाहेर जाईल. टँकर येणाऱ्या सोसायटीत हा आकडा आधी घरात सर्वांसमोर ठेवा. ते पाणी फरशी आणि संडाससाठी वापरता येतं.

स्वयंपाकघरातला आरओ चालत नाही. त्यात चवीसाठी कच्चं पाणी किंवा खनिजं मिसळलेली असतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शून्य हवा, त्यासाठी पुढे उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन लागतं. मीठ लिटरला ३८ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे २५ लिटरच्या आठवडी बदलाला ९५० ग्रॅम. जुहू-गिरगावचं समुद्राचं पाणी फुकट असलं तरी त्यातलं सांडपाणी टँकमध्ये येतं.

काचवाल्याला काय सांगायचं

४५ सेंमी उंचीला १० मिमी काच, कडा पॉलिश केलेल्या. ६० सेंमी उंचीला १२ मिमी आणि वर आडव्या पट्ट्या. सिलिकॉन बुरशीरोधक नको, त्यातलं रसायन जीव मारतं. मागची काच साधी ठेवायला सांगा, कारण टफन (तापवून कडक) केल्यावर तिला भोक पाडता येत नाही, ती चुरा होते. भोकं जोडणीआधी पाडून घ्या.

सम्पचं माप मुख्य टँकच्या चौथ्या हिश्शापेक्षा कमी नसावं, आणि तो पूर्ण भरायचा नाही. वीज गेली की वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या (पाणी सम्पमध्ये सोडणाऱ्या तोंडाच्या) पातळीपर्यंत खाली येतं. ९० × ६० सेंमी टँकमध्ये २ सेंमी पाणी म्हणजे जवळपास ११ लिटर, वर पाइपमधलं वेगळं. सम्पमध्ये १५-२० लिटर जागा कायम रिकामी हवी, नाहीतर पहिल्याच लोडशेडिंगला फरशीवर खारं पाणी येईल.

स्टँड बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणाऱ्या) प्लायचा किंवा पावडर कोटिंग केलेल्या चौकोनी लोखंडी पाइपचा. उघड्या वेल्डिंगवर मीठ बसून गंज धरतो, तेव्हा सांध्यांवर दोनदा रंग द्या. वरचा भाग स्पिरिट लेव्हलने तपासा आणि काचेखाली १० मिमी थर्माकोलची शीट घाला. टँक घरी आला की सिलिकॉन सुकायला पूर्ण आठवडा द्या, मग साध्या नळाच्या पाण्याने काठोकाठ भरा आणि ४८ तास तसाच ठेवा. कोपऱ्यांत कोरडा टिश्यू फिरवून ओल येते का बघा, लेव्हल पुन्हा तपासा. गळती याच वेळी सापडली तर दुरुस्ती काचवाल्याकडून करून घेता येते. मीठ त्यानंतर.