लिव्हरची बाटली आणण्याआधी

कुत्र्याच्या लिव्हरसाठी झाडपाल्याचं औषध आणायचं मनात आहे? मग सगळ्यात आधी त्याच्या रक्ताचा रिपोर्ट हाताशी ठेवा. ‘लिव्हर जरा वाढलंय’ एवढ्या तोंडी वाक्यावर औषध सुरू करू नका. एसजीपीटी, एएलपी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन हे यकृताच्या तपासणीतले आकडे तारखेसह वहीत उतरवा. नाहीतर महिन्याने औषधाचा उपयोग झाला की नाही, हे ठरवणार कशावरून? एएलपी एकटंच वाढलं असेल, तर खाजेसाठी स्टेरॉइड चालू आहे का किंवा नुकतं होऊन गेलंय का, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. कुत्र्यांमध्ये स्टेरॉइडने हा आकडा चांगलाच चढतो. फिट्सच्या गोळीचंही तसंच. बाइल ॲसिड (पित्तातली आम्लं) तपासायला सांगितलं असेल, तर एक रक्त उपाशीपोटी घेतात आणि दुसरं खाल्ल्यानंतर दोन तासांनी. त्यामुळे सकाळी लाडाने बिस्किट भरवणाऱ्या घरच्या मंडळींना आदल्या रात्रीच बजावून ठेवा.

डोळ्यांचा पांढरा भाग किंवा हिरड्या पिवळ्या दिसल्या, लघवी हळदीच्या पाण्यासारखी झाली, तर ही यादी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आपल्याकडे अशा वेळी गोचीड ताप आणि पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हे दोन संशयित आधी येतात. दोन्हींवर वेगळं औषध लागतं, झाडपाल्याने ते बरे होत नाहीत. लेप्टो माणसांनाही होतो, म्हणून लघवी पुसताना हातमोजे घाला.

आता घरातलं औषधाचं कपाट उघडा. खरी गडबड इथे असते. आजींच्या पोटासाठी आणलेलं कुमार्यासव, रोहितकारिष्ट कुत्र्याला द्यायचं नाही. आसव-अरिष्टं आंबवून करतात, त्यात मद्यार्क तयार होतो आणि तो पचवायचं काम शेवटी यकृतावरच पडतं. द्राक्षासव तर दुहेरी चूक, कारण मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषारी. आरोग्यवर्धिनी वटी यकृतासाठी नावाजलेली आहे आणि तिच्यात कुटकी ही कडू वनस्पती भरपूर असते हे खरं, पण पारा आणि ताम्रभस्मही असतं. लॅब्रॅडॉर, डॉबरमन, डाल्मेशियन या जातींत यकृतात तांबं साठून होणारा आजार आढळतो. त्यात आपणच वर तांबं घालायचं? आमच्या घरात लॅब्रॅडॉर असल्याने ती डबी मी वरच्या फळीवर टाकली आहे. शुगर-फ्री सिरपवर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) लिहिलेलं असेल तर ती बाटली सरळ बाहेर काढा. त्याने कुत्र्याची साखर धाडकन उतरते आणि यकृत निकामी होऊ शकतं.

डॉक्टरांसमोर कुठली नावं काढायची? सर्वात जास्त वापर मिल्क थिसल या वनस्पतीतल्या सिलिमरिनचा आहे. ते बऱ्याचदा ‘सॅम-ई’ या यकृतासाठीच्या पूरकाबरोबर एकाच गोळीत येतं. ती गोळी उपाशीपोटी द्यायची आणि कुटायची नाही, म्हणजे जेवणाच्या तासभर आधी गजर लावणं आलं. लिव्ह-५२चं प्राण्यांसाठीचं सिरप मिळतं. माणसांच्या गोळीचे तुकडे करण्यापेक्षा ते विचारा. हळद गरम गुणाची की थंड हा वाद राहू द्या. पित्तनलिकेत अडथळा असेल किंवा रक्त पातळ होण्याचं औषध चालू असेल, तर हळदीचे अर्क नकोत. गुळवेलीबद्दल मी सावध आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा माणसांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. वाद असलेली वेल आधीच आजारी कुत्र्याला कशाला द्यायची?

भुईआवळी काविळीवर घरोघरी ठाऊक आहे आणि पावसाळ्यात सोसायटीच्या भिंतीकडेला फुकट उगवते. डहाळी उलटी केली की खाली बारीक हिरव्या फळांची रांग दिसते. पण तशाच दिसणाऱ्या भावकीतल्या वनस्पती शेजारीच असतात, आणि त्या पट्ट्यात तणनाशक कधी मारलं हे माळ्यालाच माहीत. ती उपटून आणू नका.

वजन आजच करा. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा. मात्रा मात्र व्हेटनेच ठरवायची. सुई काढलेली सिरिंज आणून ठेवा. औषध गालाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं सोडा, मान वर ओढून घशात ओतू नका. कांदा-लसणाच्या फोडणीच्या आमटीत मिसळून तर नकोच. ‘लिव्हर खराब, आता फक्त दहीभात’ हा शेजारचा सल्लाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाळू नका. मेंदूवर परिणाम झालेला नसेल, तर सहसा प्रथिनं तोडायची नसतात. कोरड्या खाद्याची पिशवी हुंगून पाहा. दमट हवेत बुरशी धरली असेल तर अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष यकृतालाच झोडपतं, मग वरून कुठलीही बाटली ओतून फायदा नाही. कुंडीतला सायकस पामही कुत्र्यापासून लांब हलवा.

एका वेळी एकच नवं औषध सुरू करा. उलटी, जुलाब, भूक, शीचा रंग रोज एका ओळीत लिहा. महिना-दीड महिन्याने पुन्हा रक्त तपासायची तारीख आत्ताच घेऊन ठेवा. आणि पहिला डोस सोमवारी द्या, शनिवारी रात्री नको. काही बिघडलंच तर दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडा हवा.