आई-बाबांना जुन्या इंग्लिश पबात नेताय? मग हे वाचा

इंग्लंडमध्ये आई-बाबा आले की आपण लंडन दाखवतो, आणि पब म्हटलं की आई म्हणणार "गुत्त्यात काय बघायचंय". तरी एकदा खेड्यातल्या जुन्या लाकडी पबात न्याच. माझी शिफारस वुस्टरशरमधल्या ब्रेटफर्टन गावचं फ्लीस इन. पंधराव्या शतकातलं शेतकऱ्याचं घर ते, 1848 मध्ये त्याचा पब झाला आणि 1977 ला मालकीण लोला टॅप्लिन गेल्या तेव्हा मृत्युपत्राने नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे गेला. वेफर्सची पाकिटं विकायची नाहीत अशी बाईंची अट होती म्हणतात. मला तर पटतं, ती पाकिटं तिथे शोभणारच नाहीत.

शक्यतो वीकडेला जा, बाराच्या सुमारास पोचा, कारण अशा बऱ्याच पबांचं किचन दुपारी दोन-अडीचला बंद होतं आणि मग शेंगदाण्यांवर भागवावं लागतं (लोलाबाईंकडे तेही मिळेल याची खात्री नाही). जेवा, गर्दी पांगू द्या, मग निवांत बघा.

आधी बाहेरून भिंत बघा. सांगाडा ओकचा, तोही ओल्या लाकडाचा, एका वाशाला भोक, दुसऱ्याला जीभ आणि आरपार लाकडी खुंटी, आणि ओलं लाकूड वर्षानुवर्षं सुकत पिळवटत जातं म्हणून अशी घरं वाकडी दिसतात, कोसळायला आलीयत म्हणून नाही. मधल्या जागेत काटक्या विणून वर माती, शेण, गवत यांचा लेप. कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही, बाबा लगेच म्हणतील "अरे हा तर कूड!" काळा-पांढरा रंग मात्र बऱ्याच ठिकाणी व्हिक्टोरियन काळातली हौस आहे, मूळचं ओक नुसतंच राखाडी होत जायचं. जोडांजवळ कोरलेले रोमन आकडे दिसतात का तेही शोधा, सुतार सांगाडा आधी अंगणात जुळवून बघायचे आणि परत उभा करताना कुठलं लाकूड कुठे ते कळावं म्हणून खुणा करायचे.

आत जाताना डोकं सांभाळा, तुळया खरंच बुटक्या असतात, मी दोनदा आपटलंय. फ्लीसमध्ये चुलाण्यांपुढे जमिनीवर खडूची पांढरी वर्तुळं आहेत, धुराड्यातून चेटकिणी येऊ नयेत म्हणून. आईला रांगोळीच वाटेल. जस्ती दिसणारी जुनी ताटं 1651 च्या वुस्टरच्या लढाईच्या वेळी क्रॉमवेलने (राजाविरुद्ध लढलेला संसदेचा सेनापती) सोडली असंही सांगतात, खरं-खोटं देव जाणे.

आता ऑर्डर. टेबलावर बसून वाट बघू नका, कोणी येत नाही, बारवर जायचं. तिथे रांग दिसत नाही पण असते, सगळ्यांना आपला नंबर माहीत असतो, त्यामुळे नोट हलवणं, "एक्सक्यूज मी" ओरडणं अजिबात नको. तुमच्या आधी कोणी उभं असेल तर तसं सांगा, बारवाल्याला आवडतं. बारवरच्या हँडपंपाने ओढून देतात ती एल (पारंपरिक इंग्लिश बिअर) अकरा-तेरा डिग्रीला असते, त्यामुळे "बिअर गरम आहे" म्हणून परत करू नका. पाइंट 568 मिलीचा असतो, पहिल्यांदा हाफच घ्या. न पिणाऱ्यांना लाइम-सोडा, कोणी भुवया उंचावत नाही.

ट्रेनने लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून जवळच्या हनीबोर्नला उतरता येतं, पण पुढची टॅक्सी आधीच बुक करा, गावात आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका.