कोल्हापुरात काउन्सेलिंग सुरू करताय? आधी एवढं बोलून ठेवा

मागच्या आठवड्यात एमए सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षातल्या दोन मुली भेटायला आल्या होत्या, त्यांना विचारायचं होतं की एथिक्सचं, म्हणजे आपल्या कामातल्या नीतिनियमांचं, जे शिकवलं त्याचा रोजच्या कामात खरंच उपयोग होतो का. तासभर बोललो तरी बरंच राहिलं म्हणून इथं लिहिते. मी आठ वर्षं काउन्सेलिंग करते, सगळी वर्षं कोल्हापुरातच. खालच्या प्रसंगांतले तपशील बदललेत, कुणाची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

आम्हाला अभ्यासाला टॅरासॉफची केस होती, तुम्हालाही असेलच. कॅलिफोर्नियात 1969 मध्ये एका मुलीचा खून झाला, करणारा भारतातून तिकडं शिकायला गेलेला विद्यार्थी, आणि मारायचा विचार आहे हे त्यानं थेरपिस्टला आधीच सांगितलं होतं. थेरपिस्टनं कॅम्पस पोलिसांना कळवलं पण त्या मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कुणीच सावध केलं नाही. 1976 च्या निकालात कोर्टानं सांगितलं की जिच्या जिवाला धोका आहे तिला वाचवायची जबाबदारी थेरपिस्टवरही येते. केस महत्त्वाचीच आहे, नीट वाचा. पण माझ्यावर तसा प्रसंग अजून आलेला नाही, माझ्यावर जो आला तो राजारामपुरीत भाजी घेताना आला.

कामाला लागून तीन महिने झाले होते. कॉलेजमधली एक मुलगी माझ्याकडं दर गुरुवारी यायची. संध्याकाळी मी मेथीची जुडी हातात घेऊन उभी, मागून एक मावशी म्हणाल्या, "काय ओ मॅडम, आमची भाची तुमच्याकडं येती न्हवं? बरी हाय का आता?" आणि मी हसून म्हणाले, "हो, छान आहे आता." चारच शब्द. त्या मावशींना नक्की काही माहीत नव्हतं, त्यांनी अंदाजानं खडा टाकला होता आणि मी खात्री करून दिली. पुढच्या गुरुवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही, मग मेसेज आला की मॅडम घरात माझ्या लग्नाचं बघतायत आणि आता सगळ्या पाहुण्यांत माहीत झालंय. मी माफी मागितली. ती परत आली नाही आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण ती खरंच बरी होत होती.

तर पहिली गोष्ट ही की ती काय बोलली एवढंच गुपित नसतं, ती आपल्याकडं येते हेसुद्धा गुपितच असतं. मेंटल हेल्थकेअर अॅक्ट 2017 च्या कलम 23 मध्ये गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, पण कलम पाठ असून रस्त्यात उपयोग नाही, रस्त्यात वाक्य लागतं. माझं वाक्य असं आहे, "मावशी, माझ्याकडं कोण येतं कोण नाही हे मी कुणाचंच सांगत नाही, उद्या तुम्ही आलात तर तुमचंही सांगणार नाही." आणि जो माणूस आपल्याकडं येतच नाही त्याच्याबद्दल विचारलं तरी हेच म्हणायचं. नाहीतर एकाला "छे, ते नाही येत" म्हणालात की दुसऱ्याच्या वेळी गप्प बसलात तरी उत्तर मिळालंच ना.

दुसरं, आता मी पहिल्या भेटीतच सांगते की रंकाळ्यावर, महाद्वार रोडला, लग्नात, कुठंही दिसलात तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही, तुम्ही बोललात तर बोलेन, नाही बोललात तर मला वाईट वाटणार नाही. लोकांना हे ऐकून किती हलकं वाटतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. आपलं गाव असं आहे की बसल्या बसल्या "कुणाची तू? कुठल्या गल्लीतली?" इथून सुरुवात होते आणि पाचव्या मिनिटाला पाहुणे निघतात. म्हणून ओळखीतली केस घ्यायची की नाही यासाठी मी स्वतःला एकच विचारते, या माणसाच्या घरच्या कार्याला मी पंगतीला असेन का? असेन तर मी घेत नाही, इचलकरंजीला किंवा सांगलीला ओळखीच्या काउन्सेलर आहेत त्यांच्याकडं पाठवते, ऑनलाइनचाही पर्याय देते. लोक रागावतात, "परक्यापेक्षा तू बरी की" म्हणतात. पण परक्याजवळच मोकळं बोलता येतं हो.

आता लहान मुलांचं, यात सगळ्यात जास्त चुका होतात. वडील फी भरतात आणि बाहेर थांबवून विचारतात, "पैसे आम्ही भरतोय, आम्हाला कळायला नको?" त्यांचा प्रश्न चुकीचा नाही, काळजीच असते ती. पण हे बोलणं तिसऱ्या सेशननंतर दारात नाही करायचं, पहिल्याच दिवशी आई, वडील आणि मूल तिघांना समोर बसवून करायचं की जिवाला धोका असेल ते मी तुम्हाला सांगणार, बाकी अभ्यास, मैत्रिणी, रुसवेफुगवे यातलं काय सांगायचं ते मूल ठरवेल.

आणि पॉक्सो. 2012 चा कायदा, 18 वर्षांखालच्या कुणावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर कलम 19 प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवावंच लागतं, नाही कळवलं तर कलम 21 मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. एकदा सतरा वर्षांची मुलगी खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाली, "मॅडम एक सांगू? पण कुणाला सांगायचं नाही, आधी शपथ घ्या." इथं तोंडातून सहज "घेतली" निघतं, कारण समोर रडवेलं पोर असतं. मी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "शपथ नाही घेणार बाळा, कारण मोडावी लागली तर तुझा माझ्यावरचा विश्वास जाईल. तुझ्या जिवाला धोका असेल किंवा तुझ्याशी कुणी वाईट वागलं असेल तर मला पुढं सांगावं लागतं, ते तुला माहीत असू दे, मग तुला काय सांगायचं ते तू ठरव." ती पाच मिनिटं बॅगेची चेन उघडत मिटत होती. मग तिनं सांगितलं. कळवायचं की नाही हे आमच्या हातात नव्हतंच, पण आईला आधी कुणी सांगायचं, कोणत्या शब्दांत, तिच्या शेजारी कोण बसेल, हे सगळं तिनं ठरवलं. शपथ घेऊन बसले असते तर तिला माझ्याकडूनसुद्धा फसवणूकच मिळाली असती.

आत्महत्येच्या प्रयत्नानंतर घरचे बहुतेक वेळा एकच विचारतात, "केस होणार का?" त्या भीतीनं लोक दवाखान्यातसुद्धा खोटं सांगतात. त्यांना शांतपणे सांगा की 2017 च्या कायद्याच्या कलम 115 प्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि शिक्षा होत नाही, शिवाय 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली त्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं 309 कलम घेतलेलंच नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर कागदावर लिहून द्या, फ्रीजवर लावा म्हणा.

लेखी काही द्यायचं असेल तर शंभरदा विचार करा. एकदा एक काका आले, सून माहेरी निघून गेलेली, म्हणे "तिचं डोकं ठिकाणावर नाही एवढं लिहून द्या, वकिलांनी मागितलंय." त्यांनी दोन तास तिचं वर्णन केलं असतं तरी मी लिहिलं नसतं. जिला मी बघितलंच नाही तिच्याबद्दल एक ओळसुद्धा नाही. तसंच कुणी "डॉक्टर" म्हणालं तर तिथल्या तिथं दुरुस्त करा. आपण औषधं देत नाही, आणि नुसत्या एमएवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट अशी पाटी लावता येत नाही, त्यासाठी मान्यताप्राप्त एम.फिल.सारखं शिक्षण आणि आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते.

भेटवस्तूंचं मात्र मला सरसकट "नाही" म्हणणं पटत नाही. गुऱ्हाळाच्या दिवसांत एक शेतकरी दादा काकवीची बाटली घेऊन आले, शेवटचं सेशन होतं, घरचीच होती. घेतली आणि नोंदीत लिहून ठेवलं. दुसऱ्या एकांनी साडी आणली होती, तीही मधेच, वेळ बदलून हवी होती तेव्हा. ती परत दिली. किंमत काय, कधी देतायत, आणि घेतल्यावर मी मोकळी राहीन का, एवढं बघते.

आणि सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी काउन्सेलरजवळ आपल्या कामाबद्दल बोलणं, सोडू नका, पैसे नसले तरी. माझ्या सुपरव्हायजर मॅडम सांगलीला असतात, सुरुवातीला महिन्यातले दोन शनिवार सकाळच्या एसटीनं जायचे. भाजी घेतानाचा तो प्रसंग मी त्यांना सांगितला तेव्हा त्या अजिबात रागावल्या नाहीत, फक्त विचारलं, "त्या क्षणी नाही म्हणायला तुला कशानं अडवलं?" उत्तर सापडायला मला पुढचा शनिवार उजाडला. त्या मावशी वयानं मोठ्या होत्या, आणि मोठ्या माणसाच्या साध्या प्रश्नाला उत्तर न देणं मला उद्धटपणा वाटला होता. मग मॅडमनी मला समोर बसवून मावशींना म्हणायचं ते वाक्य दहा वेळा मोठ्यानं म्हणायला लावलं.