प्रतिजैविक चुकते की आपण? सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन आणि रिफाम्पिसिन घेताना या चुका टाळा

सिप्रोफ्लॉक्सासिन सुरू असूनही लघवीची जळजळ तिसऱ्या दिवशी कमी होत नसेल, तर गोळी कशासोबत घेतली जाते हे आधी पाहावे. पोटात आग पडते म्हणून अनेक जण ती दुधाबरोबर घेतात किंवा वर लगेच अँटासिडचे दोन चमचे पितात, आणि बिनसते ते नेमके तिथेच. दुधातले कॅल्शियम आणि अँटासिडमधले मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम औषधाच्या रेणूला पोटातच बांधून टाकतात. असे बांधलेले औषध आतड्यातून नीट शोषले जात नाही, त्यामुळे जीवाणूच्या डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या गायरेज या विकराला (एन्झाइमला) रोखण्याइतके ते संसर्गाच्या जागी पोहोचत नाही. म्हणून अँटासिड, लोह, जस्त किंवा कॅल्शियमच्या किमान 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर ही गोळी साध्या पाण्यासोबत घ्यावी. भरल्या ताटात थोडे दही आले तर एवढे बिघडत नाही. नुसत्या दुधासोबत मात्र नको. वेळा पाळूनही उतार पडला नाही, तर जीवाणू त्या औषधाला दाद देत नसण्याची शक्यता असते आणि लघवीचे कल्चर, म्हणजे जीवाणू वाढवून त्यांना कोणते औषध लागू पडते ते पाहणारी तपासणी, करावे लागते.

मला याहून गंभीर वाटणारी चूक म्हणजे रेंगाळलेल्या खोकल्यासाठी जुनी चिठ्ठी दाखवून लेव्होफ्लॉक्सासिन आणणे. ते क्षयाच्या जीवाणूवरही चालते, त्यामुळे क्षय असल्यास खोकला काही दिवस दबतो, निदान लांबते आणि प्रतिरोधक (नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या) क्षयासाठी राखलेले हेच औषध निकामी होऊ शकते. दोन आठवड्यांहून जुन्या खोकल्यात थुंकीची तपासणी आधी करावी.

क्षयाच्या उपचारातले रिफाम्पिसिन जीवाणूच्या आरएनए पॉलिमरेज या आरएनए बनवणाऱ्या विकराला अडवते. त्याने लघवी नारिंगी होते. ते रक्त समजून गोळ्या परस्पर बंद करणारे रुग्ण कमी नाहीत. रंगाची काळजी नको, पण डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हे औषध यकृतातील विकरांना चालना देत असल्याने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम घटतो, हे स्त्रियांना बहुधा कोणी सांगतच नाही.

सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन चालू असताना टाचेमागची शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी (टेंडन), दुखू लागली, तर मात्र पुढची गोळी घेण्याआधीच डॉक्टरांना फोन करावा. साठीपुढच्या आणि स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णांत ती तुटण्याचा धोका अधिक असतो.