कारखान्यात डिजिटल खरेदी आणायचीय? मग डेमोच्या आधी आयटम मास्टर उघडा

डिजिटल प्रोक्युरमेंट म्हटलं की बहुतेक कंपन्यांत पहिली मीटिंग सॉफ्टवेअरवाल्यांच्या डेमोची होते. डेमोत सगळं झकास चालतं, कारण तिथे मोजके आयटम असतात आणि सगळ्यांची नावं नीट लिहिलेली असतात. आपल्या आयटम मास्टरमधे, म्हणजे कारखान्यात लागणाऱ्या सगळ्या वस्तूंच्या यादीत, हजारो ओळी आहेत आणि त्यात एकच बेअरिंग कुणी 'बेअरिंग ६२०५' म्हणून टाकलंय, कुणी 'बॉल बेअरिंग २५ बोअर' म्हणून, कुणी नुसतंच 'मोटरचं बेअरिंग'. हे तसंच नव्या सिस्टीममधे ओतलं तर जो गोंधळ आधी रजिस्टरमधे होता तो आता स्क्रीनवर दिसेल, एवढाच काय तो फरक.

म्हणून पहिलं काम साफसफाईचं. आणि हे काम एकट्या आयटीवाल्यांना देऊ नका प्लीज. त्यांना ६२०५ झेडझेड आणि ६२०५ टूआरएस दोन्ही डुप्लिकेट वाटतील, माप सेमच आहे ना, २५ बाय ५२ बाय १५. पण एकाला पत्र्याची शील्ड असते आणि दुसऱ्याला रबराचं सील, आणि कुठे कोणतं चालतं ते मेंटेनन्सचा माणूसच सांगणार. तर मेंटेनन्सचा एक, स्टोअरचा एक, खरेदीचा एक असे तिघं रोज तासभर बसवा. सगळं एकदम साफ करायच्या भानगडीत पडू नका, गेल्या दोन वर्षांत जे हललंच नाही ते बाजूला काढून ब्लॉक करा. फक्त क्रिटिकल स्पेअर त्यात जाऊ देऊ नका, ते पाच वर्षांत एकदाच लागतं पण लागतं तेव्हा लाइन उभी असते.

नावाबरोबर युनिट पण तपासा, खरा त्रास इथेच होतो. स्टील किलोने विकत येतं आणि शॉप फ्लोअरवर मीटरने किंवा नगाने निघतं. २५ मिमीचा गोल रॉड मीटरला साधारण ३.८५ किलो भरतो, हे कन्व्हर्जन मास्टरमधे नसेल तर ऑर्डर किलोत, जमा मीटरमधे आणि बिल परत किलोत, मग मॅचिंग कसं होणार? थ्री-वे मॅच म्हणतात ते हेच, पीओ (खरेदीची ऑर्डर), जीआरएन (माल जमा झाल्याची नोंद) आणि बिल तिन्ही जुळले तरच पेमेंट सुटतं. आणि वजनाने येणाऱ्या मालात थोडा फरक येणारच, त्यामुळे टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल ते, आधीच अकाउंट्सबरोबर बसून ठरवा आणि लिहून ठेवा, नाहीतर पहिल्याच महिन्यात बिलांचा ढीग लागेल आणि दोष सिस्टीमला जाईल.

सुरुवात कुठून करायची? कच्च्या मालापासून नको. ती मागणी बीओएम (एका प्रॉडक्टला काय काय लागतं त्याची यादी) आणि एमआरपी (प्रॉडक्शन प्लॅनवरून माल किती, कधी लागेल त्याचा हिशोब) यातून येते, तिथे काही अडकलं तर प्रॉडक्शन थांबतं. कन्झ्युमेबल्स आणि स्पेअर घ्या, म्हणजे ग्लोव्हज, कटिंग टूल्स, ऑइल, नट-बोल्ट. रक्कम छोटी पण पीओची संख्या भरपूर, त्यामुळे लोकांचा हात पण लवकर बसतो. नेहमी लागणाऱ्या वस्तूंचं वर्षाचं रेट कॉन्ट्रॅक्ट करा आणि कॅटलॉगमधे टाका, म्हणजे दर वेळी तीन कोटेशन मागवायची गरजच नाही, सुपरवायझर कॅटलॉगमधून निवडेल आणि पीओ आपोआप निघेल.

अप्रूव्हल. कागदावर सहा सह्या होत्या म्हणून स्क्रीनवर पण सहा क्लिक ठेवू नका. छोट्या रकमेला एक, मोठीला दोन, भांडवली खरेदी असेल तर अजून एक, बास. साहेब सुट्टीवर गेले की अप्रूव्हल कुणाकडे जाणार ते सिस्टीममधेच सेट करा. आणि लिमिट चुकवायला एकाच मागणीचे तीन तुकडे करून टाकणारे असतातच, त्याचा रिपोर्ट पहिल्या दिवसापासून चालू ठेवा.

आता इमर्जन्सी. रात्री दोनला मशीन बंद पडलं तर शिफ्ट इंचार्ज लॉगिन करून अप्रूव्हलची वाट बघत बसणार नाही आणि बसूही नये. त्यासाठी अधिकृत वाट ठेवा: फोनवर ऑर्डर, दुसऱ्या दिवशी पीओ, आणि कारण निवडणं सक्तीचं. ही वाट दिली नाही तर लोक स्वतःची वाट काढतात आणि मग सगळंच बाहेरून चालतं. दर महिन्याला ही कारणं वाचा, एकच सील परत परत इमर्जन्सीत येतंय म्हणजे त्याची मिनिमम लेव्हल चुकलीये.

व्हेंडरचं म्हणाल तर सगळे पोर्टलवर येणार नाहीत. छोट्या वर्कशॉपवाल्याला पासवर्ड देऊन उपयोग नाही, त्याला ईमेलवर पीओ जाऊ दे आणि एका लिंकवर 'स्वीकारला' एवढंच दाबू दे. मोठ्यांना पोर्टल द्या, आणि व्हेंडरकडून त्याची फी घेऊ नका, ती फिरून रेटमधेच येते. एका गोष्टीत मात्र अजिबात ढील नको, बँक खातं बदलायची रिक्वेस्ट. ईमेल कितीही खरा वाटला तरी आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची, ईमेलमधे दिलेल्या नंबरवर नाही. आणि बदल टाकणारा एक, मंजूर करणारा दुसरा.

गो-लाइव्हला, म्हणजे नवी सिस्टीम चालू होते तेव्हा, जुन्या पीओंचा फक्त बाकी राहिलेला माल नव्या सिस्टीममधे आणा, इतिहास जुन्यातच राहू द्या. तारीख ठरवा आणि व्हेंडरना महिनाभर आधी कळवा की या तारखेनंतर पीओ नंबर नसलेलं बिल घेतलं जाणार नाही. जुनं नवं दोन्ही खूप दिवस चालवलं तर लोक जुन्यालाच चिकटून राहतात.

चाललंय का नाही हे कसं कळणार? लॉगिन किती झाले ते बघू नका. बिलाच्या तारखेनंतर निघालेले पीओ किती ते बघा, म्हणजे माल आधी आणि कागद नंतर. शिवाय मागणीपासून पीओपर्यंत किती दिवस लागतात, आणि हात न लावता जुळलेली बिलं किती. हे तीन आकडे सुधारत असतील तर कच्च्या मालाकडे वळा.

रिव्हर्स ऑक्शन, म्हणजे व्हेंडर एकमेकांपेक्षा कमी रेट लावत जातात तो लिलाव, याची घाई सगळ्यात जास्त मॅनेजमेंटला असते, पण ते सगळ्यात शेवटी. स्पेसिफिकेशन पक्कं आहे आणि खरोखर देऊ शकणारे तीन-चार जण आहेत तिथे ठीक. ज्या कास्टिंगचा पॅटर्न (ज्यावरून साचा बनतो तो नमुना) एकाच फाउंड्रीकडे पडून आहे त्याचं ऑक्शन लावून बघाल तर रेट कमी होणार नाहीच, वर तो माणूस पुढच्या वेळी अर्जंट माल द्यायला कारणं सांगेल.