घड्याळाने नाडी कधी मोजायची, हे आपण ठरवावं

माझ्याकडे गार्मिनचं फोररनर २५५ हे मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ आहे. डावीकडचं मधलं बटण दाबून धरा, वॉच सेटिंग्जमध्ये जा, मग रिस्ट हार्ट रेट उघडा. स्टेटस मुळात ‘ऑटो’वर असतं. ते तसंच राहू द्या, असं माझं ठाम मत आहे. चेस्ट स्ट्रॅप, म्हणजे छातीला बांधायचा नाडी मोजणारा पट्टा, जोडला की घड्याळ त्याचे आकडे घेतं, नसला की मनगटाचे. ‘ऑफ’ केलंत तर रक्तातल्या ऑक्सिजनचं मोजमापही थांबतं, हे आधी लक्षात घ्या.

पोहण्यासाठी वेगळा पर्याय आहे. मी तो बंद ठेवते, कारण सेन्सर आणि त्वचेच्या मध्ये पाणी शिरलं की घड्याळाच्या मागच्या हिरव्या प्रकाशाने होणारं नाडीचं मोजमाप भरवशाचं राहत नाही.

पळताना घड्याळ मनगटाच्या हाडाच्या जरा वर, घट्टसर बांधा.