शुक्रवारचं पत्र: न्यू जर्सीत मूल शाळेत घातलेल्या नव्या आईबाबांसाठी

दर ऑगस्ट-सप्टेंबरला एडिसन, प्लेन्सबोरो, पार्सिपनी या पट्ट्यात नवी मराठी कुटुंबं येतात. मूल किंडरगार्टनमध्ये किंवा दुसरी-तिसरीत जातं आणि पंधरा दिवसांत व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रश्न सुरू होतात. उद्या शाळा लवकर सुटणार का? पिक्चर डे कधी आहे? फील्ड ट्रिपचा फॉर्म कुणाकडे आहे का? हे सगळं वर्गाच्या टीचरनी आधीच लिहून पाठवलेलं असतं. दर आठवड्याला, बहुतेक शाळांत शुक्रवारी, पालकांना एक पत्र येतं. कधी ईमेलनं, कधी क्लासडोजो किंवा पेरेंटस्क्वेअरसारख्या अॅपवर, तर कधी मुलाच्या फोल्डरमधल्या रंगीत कागदावर. मी बरीच वर्षं रूम पेरेंट, म्हणजे वर्गाच्या कामात टीचरना मदत करणारी पालक, म्हणून काम केलं आहे. आपल्या लोकांची बहुतेक धावपळ हे पत्र न वाचल्यामुळे होते, हे मी दरवर्षी बघते आहे.

भारतात शाळेची सवय वेगळी होती. डायरीत लाल शेरा यायचा, सही करून आणायला सांगायचे, नाही केलं तर बाई फोन करायच्या. इथे कुणी मागे लागत नाही. पत्राची भाषा इतकी सौम्य असते की त्यात काही सक्तीचं आहे असं वाटतच नाही. "फॉर्म गुरुवारपर्यंत आला तर आभारी राहीन" असं लिहिलेलं असलं तरी गुरुवार म्हणजे गुरुवार. शुक्रवारी फॉर्म नेला, तर मूल ट्रिपला जात नाही. दिवसभर दुसऱ्या वर्गात बसतं. टीचर आवाज चढवणार नाहीत, पण नियमही बदलणार नाहीत.

सगळ्यात आधी एक काम करा. शाळेच्या पोर्टलवर दोघांचेही ईमेल आणि दोघांचेही फोन नंबर नोंदवा. आपल्याकडे नाव नोंदवताना कागदपत्रं बाबा भरतात आणि ऑफिसचा ईमेल देऊन मोकळे होतात. डबा भरणारी, बसस्टॉपवर उभी राहणारी आई, आणि पत्र मात्र जातं बाबांच्या ऑफिसच्या मेलमध्ये, शंभर कामाच्या मेलखाली. एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर) आलेल्या कितीतरी हुशार, शिकलेल्या मुलींना वर्षभर शाळेचं एकही पत्र थेट मिळालेलं नसतं. "हे सांगतील ना मला" असं म्हणतात. हे सांगत नाहीत, कारण ह्यांनीच वाचलेलं नसतं. शाळेच्या ऑफिसात फोन करून दुसरा ईमेल जोडून घ्यायला पाच मिनिटं लागतात. आजच करा.

हे मी इतकं घोळून का सांगते आहे, त्याला कारण आहे. आमच्या ओळखीच्या एका घरात असंच होतं. त्यांच्या मुलीच्या वर्गात एका मुलाला शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी होती आणि पहिल्याच पत्रात टीचरनी लिहिलं होतं की या वर्गात नट्स असलेलं काहीही आणू नका. पत्र बाबांच्या मेलमध्ये पडून राहिलं. संकष्टीला आईनं साबुदाण्याची खिचडी केली, थोडी मुलीच्या डब्यात दिली. मुलीनं शेजारच्याला चमचाभर चाखायला दिली. त्या मुलाचे ओठ सुजले, त्याला धाप लागली. नर्सनं तिथल्या तिथे मांडीत एपिपेन, म्हणजे अॅलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन, दिलं, अॅम्ब्युलन्स आली. मूल वाचलं. पण त्या आईची अवस्था मी जवळून पाहिली आहे, आणि ती आणखी कुणाची होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आपल्या स्वयंपाकात दाण्याचा कूट कुठे कुठे असतो ते एकदा आठवा. खिचडी आहेच, पण काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, अळूची भाजी, चटणी, चिवडा. फोडणीला शेंगदाण्याचं तेल वापरत असाल तर तेही. "नट्स म्हणजे काजू-बदाम, दाणे तर आपले रोजचेच" असं मनात धरू नका. पत्रात नट्स लिहिलं की शेंगदाणे त्यात आलेच. आणि आता तीळसुद्धा. 1 जानेवारी 2023 पासून अमेरिकेत तिळाची गणना मुख्य अॅलर्जींमध्ये होते. दूध, अंडी, मासे, गहू वगैरेंच्या यादीत तो नववा. म्हणजे संक्रांतीला कौतुकानं वर्गात तिळगूळ वाटायला पाठवू नका. दिवाळीला काजूकतली नको. सण वर्गात साजरा करायचाच असेल तर टीचरना आधी विचारा आणि खाऊऐवजी पणत्या रंगवायला न्या, रांगोळीचे स्टेन्सिल न्या. मुलं खूश होतात. वाढदिवसालाही बऱ्याच शाळा खाऊ घेत नाहीत. पेन्सिली, स्टिकर पुरतात. डब्यात खिचडी द्यायची असेल तर बटाटा-जिऱ्याची, कूट न घातलेली करा, आणि मुलाला घरी बजावून सांगा की आपला डबा कुणाला द्यायचा नाही, कुणाचा घ्यायचा नाही. वाटून खावं हे आपण त्यांना लहानपणापासून शिकवतो. शाळेत मात्र नाही. हे मुलाला नीट समजावलं तर पाच वर्षांच्या पोरालाही कळतं.

आता पत्र वाचायचं कसं. वरचा भाग या आठवड्यात काय शिकलो त्याचा असतो: स्पेलिंगचे शब्द, गणितातलं नवं प्रकरण, वाचनाचं पुस्तक. तो मुलाशी बोलायला उपयोगी पडतो. "आज काय झालं शाळेत?" विचारलं की "काही नाही" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा "फुलपाखराच्या अळीचं काय झालं?" असं विचारा, पोरं बोलत सुटतात. तुमचं काम असतं ते खालच्या भागात. तारखा तिथे असतात. मी ते वाचतानाच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकते. फ्रिजवर मॅग्नेटनं लावलेल्या महिन्याच्या कॅलेंडरवर विसंबू नका, कारण ते सुधारलेलं नसतं.

तारखांच्या बाबतीत नव्या लोकांना सगळ्यात जास्त गोंधळात पाडतात ते दिवसांचे आकडे. पत्रात लिहिलेलं असतं, जिम "डे 3" ला, लायब्ररी "डे 5" ला. हा वार नाही. बऱ्याच शाळांत चित्रकला, संगीत, जिम, लायब्ररी हे तास सहा दिवसांच्या चक्रानं फिरतात आणि मध्ये सुट्टी आली की चक्र पुढे सरकतं. म्हणजे या आठवड्यात मंगळवारी जिम, पुढच्या आठवड्यात बुधवारी. जिमच्या दिवशी स्नीकर्स हवेत. सँडल किंवा बूट घालून गेलेलं मूल कडेला बसतं. लायब्ररीच्या दिवशी जुनं पुस्तक परत गेलं नाही तर नवं मिळत नाही. पुस्तक नाही म्हणून रडत घरी आलेली पोरं मी पाहिली आहेत, म्हणून लायब्ररीचं पुस्तक ठेवायची घरात एक ठरावीक जागा करा.

अर्धा दिवस कधी आहे ते लाल रंगात लिहून ठेवा. पेरेंट-टीचर कॉन्फरन्सच्या आठवड्यात शाळा दुपारी लवकर सुटते. दोघेही नोकरी करत असाल तर बसस्टॉपवर कुणीतरी हवं. किंडरगार्टनच्या मुलाला घ्यायला मोठं माणूस नसेल तर बरेच बसवाले मुलाला उतरवत नाहीत, परत शाळेत नेतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांच्या अधिवेशनासाठी राज्यभर गुरुवार-शुक्रवार सुट्टी असते, तीही दरवर्षी कुणीतरी विसरतंच. बर्फ पडला तर पहाटे फोन येतो: शाळा बंद, किंवा उशिरा सुरू. उशिरा म्हणजे बसही तेवढीच उशिरा.

भारतातून आजी-आजोबा आले की मुलाला आणायला त्यांना पाठवतो आपण. त्याआधी त्यांची नावं शाळेच्या यादीत घाला आणि पहिल्या दिवशी पासपोर्ट बरोबर द्या. नाव नसेल तर ऑफिस मुलाला सोडणार नाही. त्यात अपमान मानू नका. तुमच्याच मुलाच्या सुरक्षेसाठी आहे ते.

कधी पत्रात किंवा मेसेजमध्ये "लॉकडाऊन ड्रिल", म्हणजे शाळेत धोका आला तर दारं लावून वर्गात लपायचा सराव, असं आलेलं दिसेल. पहिल्यांदा वाचून पोटात गोळा येतो. इथे राज्याच्या कायद्यानं दर महिन्याला किमान एक आगीची आणि एक सुरक्षेची ड्रिल घ्यावीच लागते, आणि ती झाली की पालकांना कळवतात. मेसेज पूर्ण वाचा, "ड्रिल" शब्द आहे का बघा, आणि ग्रुपवर अर्धवट काही टाकू नका. लहान मुलांना टीचर ते फार शांतपणे शिकवतात. घरी आल्यावर तुम्हीही शांतच राहा.

भारतवारीबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. डिसेंबरची सुट्टी असते आठवडा-दीड आठवड्याची, आणि आपण तिकीट काढतो पाच आठवड्यांचं, कारण लग्न आहे, तिकीट स्वस्त आहे. शाळेचं वर्ष 180 दिवसांचं. त्यातले दहा टक्के, म्हणजे 18 दिवस बुडाले की मूल सतत गैरहजर राहणाऱ्यांत मोजलं जातं, आणि सहलीसाठी घेतलेली रजा माफ होत नाही. काही डिस्ट्रिक्ट (गावातल्या सरकारी शाळा चालवणारी मंडळं) लांब रजेवर गेलेल्या मुलाचं नाव पटावरून काढतात आणि परत आल्यावर नव्यानं नोंदवायला लावतात. टीचर "मजा करा" म्हणतात आणि त्या मनापासून म्हणतात, पण त्याचा अर्थ परवानगी असा नाही. पहिली-दुसरीत वाचन बसत असतं. त्याच वेळी महिनाभर खंड पडला तर भरून काढणं जड जातं. जून ते ऑगस्ट अडीच महिने सुट्टी असते, तेव्हा जा. पाऊस असेल, पण मुलाची शाळा बुडणार नाही. दिवाळीची रजा मात्र निर्धास्त घ्या: राज्याच्या धार्मिक सुट्ट्यांच्या यादीत ती आहे, चिठ्ठी दिली की मुलाच्या नावावर गैरहजेरीचा ठपका बसत नाही. बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये तर आता शाळाच बंद असते.

ताप आला तर औषधाशिवाय 24 तास ताप नसल्यावरच पाठवा. बॅगेत क्रोसिन ठेवू नका. औषध नर्सकडे, डॉक्टरच्या चिठ्ठीसह.

प्रवेशाच्या वेळी घरी कोणती भाषा बोलता ते विचारणारा फॉर्म असतो. "मराठी लिहिलं तर मुलाला ईएसएलमध्ये, म्हणजे इंग्रजी कच्चं असणाऱ्यांच्या वर्गात, टाकतील" अशी भीती आपल्याच लोकांनी पसरवली आहे, आणि माणसं तिथे सरळ इंग्रजी लिहितात. हे करू नका. मराठी लिहिलं तर मुलाची इंग्रजीची छोटी चाचणी होऊ शकते. मदत लागत असेल तर जादा शिक्षिका मिळते, तेही फुकट. लागत नसेल तर प्रश्नच नाही. खोटं लिहिल्यानं ज्या मुलाला वर्गात काहीच कळत नाही, ते गप्प बसून राहतं आणि आपण म्हणतो लाजाळू आहे. रोज वीस मिनिटं वाचनाची नोंद मागतात, त्यात मराठी पुस्तक चालेल का ते टीचरना विचारा. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी आनंदानं हो म्हटलं.

पत्रात पैशांची बरीच आमंत्रणं असतात: बुक फेअर, फोटोचं पॅकेज, पीटीएची (पालक-शिक्षक संघाची) वर्गणी, निधी गोळा करायचे कार्यक्रम. यातलं काहीच सक्तीचं नाही. नव्या घराला पहिले सहा महिने पैशांची ओढाताण असते, तेव्हा न लाजता सोडून द्या. ट्रिपचे पैसे जड वाटत असतील तर टीचरना किंवा काउन्सेलरना खासगीत सांगा, बहुतेक वेळा सोय होते.

सणांचं थोडक्यात. हॅलोवीनला पोशाख चालतो, खोटी तलवार-बंदूक चालत नाही. व्हॅलेंटाइनला कार्ड वर्गातल्या प्रत्येक मुलाला द्यायचं, एकालाही वगळायचं नाही. फक्त आपल्या मुलाचं नाव लिहा, समोरच्याचं कोरं ठेवा, म्हणजे लहान मुलांना वाटायला सोपं जातं. फेब्रुवारीत शाळेचा शंभरावा दिवस येतो, शंभर वस्तू न्यायच्या असतात. एका मुलीनं काळ्या कागदावर शंभर टिकल्या लावून नेल्या होत्या, दहाच्या दहा ओळी, रंगीत. टीचरनी तो कागद जूनपर्यंत भिंतीवर ठेवला.

कॉन्फरन्सला पंधरा मिनिटं मिळतात. ती "गणितात पुढे आहे ना?" यात घालवू नका. रिपोर्ट कार्डवर ते लिहिलेलं असतंच. मूल कुणाबरोबर खेळतं, मदत हवी असली तर हात वर करतं का, डबा संपवतं का, हे विचारा. हे टीचरनाच माहीत असतं. आणि शेजारच्या मराठी घरातल्या मुलाचा विषय तिथे काढू नका, टीचरना ते अजिबात आवडत नाही.

जूनच्या शेवटच्या पत्रात पुढच्या इयत्तेच्या सामानाची यादी येते. जुलै-ऑगस्टमध्ये वह्या-क्रेयॉन अगदी स्वस्त मिळतात, तेव्हा घेऊन ठेवा. यादीतले टिश्यूचे बॉक्स आणि ग्लू स्टिक सगळ्या वर्गासाठी एकत्र जमा होतात, त्यावर मुलाचं नाव घालू नका. जॅकेट, डबा आणि पाण्याची बाटली यांवर मात्र ठळक अक्षरात घाला.